हलकं फ्लायव्हील टाकायचं, पण किती हलकं? सिटी व्हीटेकवाल्या मित्राला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, चुकत असेल तर सांगा. २००२ ची होंडा सिटी व्हीटेक, एअर फिल्टर आणि हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आधीच केलेलं, क्लच घसरायला लागलाय म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरणारच आहे, तर त्याच मजुरीत हलकं फ्लायव्हील (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकाला बसलेलं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) उरकून घ्यावं असं डोक्यात आलंय. रोज कोथरूड ते हिंजवडी, रविवारी ताम्हिणी घाट, आणि वर्षातून एकदा कोइम्बतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर. समोर पर्याय दोन, एक म्हणजे बाहेरून साडेतीन किलोचं अॅल्युमिनियमचं मागवायचं, नाहीतर ओळखीच्या लेथवाल्याकडून आहे तेच कातून घ्यायचं. कुठलं घेऊ?

माझं उत्तर आहे की दोन्ही नको. का ते जरा लांबून सांगतो, कारण नुसतं "हे घे" म्हटलं तर उद्या दुसरा कोणीतरी "ते घे" म्हणेल आणि तुम्ही परत तिथेच.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात सव्वीस-सत्तावीस वर्षं इंजिनं आणि क्लचची कामं करतोय, त्यात बऱ्याच रॅलीच्या एस्टीम आणि जिप्सी, थोड्या सिटी, आणि अलीकडे लोकांच्या हौसेच्या गाड्या. इथं एका गल्लीत फाउंड्रीचं कास्टिंग मिळतं आणि पुढच्या गल्लीत ते टर्न करून मिळतं, त्यामुळे फ्लायव्हीलचे प्रयोग करायला आम्हाला कधी पार्सलची वाट बघावी लागली नाही. तोटा हा की चुका पण झटपट होतात.

आधी फ्लायव्हील करतं काय. ज्यांनी शेतातलं जुनं ऑइल इंजिन बघितलंय त्यांना शिकवायला नको. एक सिलिंडर, दोन बाजूंना बैलगाडीच्या चाकासारखी दोन लोखंडी चाकं, हँडल मारून मारून ती चाकं पळती केली की मग डिकम्प्रेशनचा खटका सोडायचा, आणि इंजिन ठक... ठक... करत धरायचं. दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, बाकीचा सगळा वेळ इंजिन त्या चाकांच्या उधारीवर फिरतं. चाकं हलकी केली तर पुढच्या कम्प्रेशनलाच अडकून बसेल. तुमच्या सिटीत चार सिलिंडर आहेत, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एक स्फोट, त्यामुळे उधारी कमी लागते आणि चाक लहान चालतं. पण उधारी लागते हे विसरायचं नाही, विशेषतः आयडलिंगला आणि गाडी जागेवरून उचलताना.

आता हलकं केल्यावर ताकद वाढते का? नाही. एका वेगाने सरळ चालवत राहिलात तर फ्लायव्हील आठ किलोचं की चार किलोचं, इंजिनाला काही फरक पडत नाही. टॉप स्पीड तोच, मायलेज जवळपास तेच. फरक पडतो तो आरपीएम वर-खाली होताना. इंजिनाला प्रत्येक वेळी वेग पकडताना गाडी तर ओढावी लागतेच, पण स्वतःच्या शेपटीला बांधलेलं हे चाक पण फिरवावं लागतं. काही लोक डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवतात की बघा पाच घोडे वाढले, तर तो डायनो रोलर पळवून मोजणारा असतो, म्हणजे गाडी किती पटकन वेग घेते त्यावरून ताकद काढणारा. फ्लायव्हील हलकं केलं की त्याच्या हिशेबात आकडा वाढणारच. लोड लावून एका आरपीएमला धरून मोजणाऱ्या डायनोवर तीच गाडी लावली तर आकडा होता तिथेच असतो.

हा फरक किती, ते गिअरवर ठरतं, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. एक ढोबळ हिशेब मांडतो. जुन्या फ्लायव्हीलचं फिरण्याचं जडत्व ०.०९ धरू, हलक्याचं ०.०५ (किलो गुणिले मीटरचा वर्ग). फरक ०.०४. टायरची त्रिज्या २८ सेंटीमीटर. पहिल्या गिअरला फायनल ड्राइव्ह धरून इंजिन साधारण १४ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. १४ चा वर्ग १९६, गुणिले ०.०४, भागिले ०.२८ चा वर्ग, उत्तर येतं १०० किलो. म्हणजे पहिल्या गिअरात गाडीतून एक दणकट माणूस आणि त्याची बॅग उतरवल्यासारखं. दुसऱ्या गिअरला गुणोत्तर ८ च्या आसपास, तिथे फायदा साधारण ३३ किलो. तिसऱ्यात १५. चौथ्यात आठ-नऊ, पाचव्यात पाच-सहा किलो, म्हणजे डिकीतला टूलकिट आणि पाण्याचा कॅन घरी ठेवलात तर तेवढंच. तुमच्या गाडीचे नेमके गिअर टाकून बघा, आकडे थोडे हलतील, पण चित्र हेच राहील.

म्हणजे एक्स्प्रेसवेवर पाचव्यात पळणाऱ्यासाठी हा खर्च वाया. ताम्हिणीत दुसरा-तिसरा-दुसरा करणाऱ्याला जाणवेल. करीचा ट्रॅक छोटा आहे, २ किलोमीटरच्या थोडा वर, तिथे पण बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्यात जातो, जाणवेल. आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरात जाणवेल, पण उलट्या बाजूने.

उलट्या बाजूने म्हणजे कसं, ते ऐका. क्लच सोडून गाडी उचलताना फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा गाडीला पहिला धक्का देते. ८०० आरपीएमला जड फ्लायव्हीलमध्ये वरच्या आकड्यांनी ३१५ ज्यूलच्या आसपास असतात, हलक्यात पावणेदोनशे. साठा जवळजवळ निम्म्याने कमी. म्हणजे पूर्वी नुसता क्लच सोडला तर गाडी सरकायची, आता थोडा रेस द्यावा लागेल. एसी चालू, कॉम्प्रेसर मध्येच एंगेज झाला, समोर बस थांबली, मागे रिक्षा चिकटलेली आणि फ्लायओव्हरचा चढ, अशा वेळी गाडी बंद पडते आणि मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही. दोन आठवड्यांत पायाला सवय होते हे खरं, पण ती सवय म्हणजे काय, तर जास्त आरपीएमवर क्लच घासत गाडी उचलणं. क्लच प्लेट त्याचं भाडं वसूल करते. घरी अजून कोणी गाडी चालवतं का हे तुम्ही लिहिलं नाहीत, चालवत असेल तर त्यांना विचारून करा, खरंच सांगतोय.

गिअर बदलताना मात्र मजा आहे. ६५०० ला दुसऱ्यातून तिसरा टाकला की इंजिनाला साधारण सव्वाचार हजारावर उतरायचं असतं. जड फ्लायव्हील सावकाश उतरतं, म्हणून घाईत टाकला तर गाडी झटका देते. हलकं पटकन उतरतं. पण हात संथ असेल तर ते सव्वाचारच्या पण खाली निघून जातं आणि मग झटका दुसऱ्या दिशेने बसतो. डाउनशिफ्टला हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही) करत असाल तर अॅक्सिलरेटरला नुसतं टिचकं मारलं तरी आरपीएम जागेवर येतो, हा फायदा मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, आणि लहान गिअरात अॅक्सिलरेटर सोडला की गाडी पण किंचित लवकर मंदावते.

आता वजन किती यापेक्षा वजन कुठून गेलं हा प्रश्न मोठा. फिरणाऱ्या वस्तूत त्रिज्येचा वर्ग येतो. कडेला १३ सेंटीमीटरवरचा एक किलो आणि मधे साडेसहा सेंटीमीटरवरचा एक किलो, यात चौपट फरक. म्हणून जाहिरातीत "तीन किलो कमी" वाचून भुलायचं नाही. मधे भोकं पाडून तीन किलो काढले असतील तर फार काही मिळालं नाही, कडेचे दीड किलो काढले असतील तर काम झालं. जात्याच्या पाळीची कड धरून फिरवून बघितलंय त्याला हे न सांगता कळतं. आणि हे पण लक्षात घ्या की त्या कडेला रिंग गिअर (स्टार्टरसाठीची दातांची कडी) बसलेला आहे, तो वगळता येत नाही, आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारी) आणि क्लच प्लेट पण त्याच्याबरोबर फिरतात. जड रेसिंग प्रेशर प्लेट लावली आणि फ्लायव्हीलमधून एक किलो काढला तर हिशेब शून्य.

लेथचा पर्याय. इथं मी तुम्हाला माझीच फजिती सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नवीन नवीन असताना, एका पोराची ऑटोक्रॉसची एस्टीम होती. ओरिजिनल बिडाचं फ्लायव्हील मागून कातलं, कड पातळ केली, तरी समाधान झालं नाही म्हणून ड्रिलवर लावून गोल भोकं पाडली, दिसायला एकदम परदेशी. गाडी मस्त पळाली. एक सीझन झाल्यावर क्लच थरथरतोय म्हणून उघडलं तर फेसवर (क्लच प्लेट घासते त्या बाजूवर) निळे डाग, डागांतून बारीक केसासारख्या चिरा, आणि त्यातली एक चीर भोकातून निघून क्रँकच्या बोल्टकडे चाललेली. भिंगाने बघितली आणि मला घाम फुटला. त्या पोराला मी पैसे परत दिले आणि फ्लायव्हील अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, कोणी "थोडं अजून कातू या" म्हणालं की त्याला दाखवतो.

घाम का फुटला ते सांगतो. ७००० आरपीएमला साडेतेरा सेंटीमीटर त्रिज्येच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १०० मीटर होतो, म्हणजे तासाला साडेतीनशे किलोमीटर. बीड दाबायला ताकदवान आणि ओढायला कच्चं, आणि फिरताना कडेवर येतो तो ताण ओढण्याचाच. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ५००० ला टिकलं म्हणून ७००० ला टिकेल असं नसतं, ताण तिथे दुप्पट असतो. भोक पाडलं की भोकाच्या काठावर तो ताण अजून गोळा होतो. वर मटेरियल कमी झाल्याने क्लचची उष्णता सामावायला जागा कमी. हे सगळं तुमच्या गाडीत फायरवॉलच्या पलीकडे, तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरतंय. बेल हाउसिंग (फ्लायव्हील-क्लचवरचं गिअरबॉक्सचं कवच) अॅल्युमिनियमचं, ते फुटलेल्या तुकड्याला थांबवेल या भरवशावर राहू नका.

इथले काही जण कड अर्धा-पाऊण किलो उतरवून वर्षानुवर्षं चालवतात, कमी आरपीएमच्या इंजिनात, आणि काही होत नाही. मी नाकारत नाही. पण व्हीटेक इंजिन म्हणजे वरच्या आरपीएमला फिरवण्यासाठीच घेतलेलं, तिथे मी बिडाचं फ्लायव्हील कातत नाही. विषय संपला.

मग अॅल्युमिनियम का नको? ते वाईट नाही, चांगल्या कंपनीचं असेल तर त्यात घर्षणाच्या जागी स्टीलची वेगळी प्लेट बसवलेली असते, झिजली की बदलता येते, आणि अॅल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं. पण साडेतीन किलो म्हणजे तुमच्या इंजिनाच्या मूळ फ्लायव्हीलच्या निम्म्याहून कमी (माझ्याकडे उतरलेली ही फ्लायव्हीलं साडेसात-आठ किलोच्या घरातली असतात). रोज हिंजवडी करणाऱ्या गाडीला हा खेळ नको. आयडल हलतं, गिअरबॉक्समधून न्यूट्रलला खडखड ऐकू येते कारण इंजिनाचे झटके आता कमी गाळले जातात, आणि नव्या ओबीडीवाल्या (स्वतःच बिघाड ओळखणाऱ्या) गाड्यांमध्ये तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्रँकच्या वेगातले चढउतार बघून मिसफायर (स्फोट चुकला) समजतो आणि पी ०३०० चा कोड टाकून इंजिनाचा बल्ब पेटवतो. तुमची जुनी आहे, ती कटकट बहुतेक नाही होणार, पण आयडलची होईल. गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेणाऱ्याला मी हेच साडेतीन किलोचं बिनधास्त लावून देईन.

तुमच्यासाठी मी स्टीलचं सांगेन, पाच ते साडेपाच किलो. बाहेरून घेतलंत तर क्रोमोलीचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील), रेसिंगच्या एसएफआय १.१ या सुरक्षा मानकाचा शिक्का असलेलं बघा, फुटण्याच्या दृष्टीने तपासलेल्या फ्लायव्हीलला तो मिळतो. इथंच बनवून घेतलंत तर ईएन १९ (हा स्टीलचा ग्रेड) च्या फोर्ज्ड बारमधून किंवा ब्लँकमधून (न कातलेला कच्चा तुकडा), आतल्या चिरांसाठी अल्ट्रासॉनिक टेस्ट करून घेतलेल्या. ईएन ८ या साध्या ग्रेडमधून पण लोक बनवतात, स्वस्त पडतं, पण मटेरियलवर पैसे वाचवायची ही जागा नाही. आणि मटेरियलचं सर्टिफिकेट मागा, लेथवाला "ईएन १९ च आहे हो" म्हणाला की होत नाही. सिव्हिकच्या डी-सिरीज इंजिनासाठी (तुमचं इंजिन त्याच कुळातलं) बाहेर भरपूर माल मिळतो आणि विकणारा "बसतंय" म्हणूनच विकतो, पण क्रँकच्या बोल्टांचा सर्कल (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते), डॉवेलची (जागा पकडणाऱ्या खुंटीची) जागा, क्लचचा व्यास, रिंग गिअरचे दात आणि एकूण जाडी हे स्वतःच्या उतरवलेल्या फ्लायव्हीलवर मोजल्याशिवाय पैसे पाठवू नका.

बसवतानाच्या काही गोष्टी, यात लोक सगळ्यात जास्त मार खातात. बॅलन्सिंग पहिलं. फ्लायव्हील एकटं बॅलन्स करायचं, मग प्रेशर प्लेट लावून परत, आणि दोघांवर खूण मारायची की पुढच्या वेळी त्याच जागी बसेल. पाच किलोच्या चाकाला ७००० आरपीएमला जी ६.३ ग्रेड (बॅलन्सिंगची प्रत, आकडा लहान तितकी बारीक) हवी असेल तर कडेला चालणारी चूक साधारण एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे एका शेंगदाण्याहून कमी. मी जी २.५ करून घेतो, त्यात तर अजून निम्म्याहून कमी उरते. "बघून सरळ फिरतंय" याला बॅलन्सिंग म्हणत नाहीत.

रिंग गिअर ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे डिग्रीला तापवून बसवायचा, गॅसच्या ज्योतीने लाल करून नाही, दात मऊ पडतात आणि सहा महिन्यांत स्टार्टर खर्रर्र करायला लागतो. दातांची उतरती बाजू स्टार्टरच्या पिनियनकडे. बोल्ट नवे, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचं मागचं ऑइल सील बदला, क्लच रिलीज बेअरिंग बदला. शंभर-दोनशे रुपये वाचवून तीच गिअरबॉक्स परत उतरवणारे मी दर महिन्याला बघतो. डायल लावून रनआउट (फिरताना चाक किती डुलतं ते) तपासा, बोल्ट घट्ट झाल्यावर, आधी नाही.

आणि पुढे कधी फेस ग्राइंड करायची वेळ आली तर एक गोष्ट. काही फ्लायव्हीलं सपाट असतात, काहींना घर्षणाचा भाग आणि प्रेशर प्लेट बसते तो भाग यात पायरी असते. पायरीवाल्याचा नुसता घर्षणाचा भाग घासला तर प्लेट मागे सरकते, दाब कमी होतो, आणि नवा क्लच घसरतो, मग सगळे प्लेटला शिव्या घालतात. दोन्ही पृष्ठभाग सारखेच उतरवायचे. निळे डाग लेथच्या टूलने जात नाहीत, ते कडक झालेले असतात, टूल त्यावरून उडी मारून जातं, त्यामुळे ग्राइंडिंगच.

अजून एक, आधीच सांगून ठेवतो. फ्लायव्हीलबरोबर काही जण क्रँकची पुढची पुली पण हलकी अॅल्युमिनियमची लावतात. ओरिजिनल पुलीत रबर असेल तर ते शोभेला नाही, क्रँकची पिळाची कंपनं मारायला आहे. ती पुली काढू नका.

तुमच्या मित्राच्या डिझेल पोलोचं पण तुम्ही शेवटी विचारलंत. तो वेगळा प्राणी. त्यात ड्युअल मास फ्लायव्हील आहे, दोन चाकं आणि मधे स्प्रिंगा, हे १९८५ मध्ये लुक या जर्मन कंपनीने उत्पादनात आणलं ते याच कारणासाठी की इंजिनाचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत. डिझेलचे झटके जबर असतात. तिथे एकसंध फ्लायव्हील लावायचंच झालं तर क्लच प्लेटच्या मधे स्प्रिंगा असलेली प्लेट पाहिजे, ते पण हलकं नाही, जडच, आणि तरी आयडलला खडखड सहन करायची तयारी पाहिजे. हौस म्हणून करायचं काम नाही, ओरिजिनल महाग आहे म्हणून नाइलाजाने करतात तेवढंच.

तर क्रम असा धरा. क्लच उघडा, फ्लायव्हील उतरवा, काट्यावर ठेवा आणि नेमकं वजन लिहा. फेसवर निळे डाग किंवा चिरा आहेत का ते भिंगाने बघा. नसतील आणि बजेट ताणलेलं असेल तर ओरिजिनल ग्राइंड करून परत लावा आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या, ताम्हिणीत टायरचा फरक फ्लायव्हीलपेक्षा मोठा पडेल. बजेट असेल तर वर सांगितलेलं पाच-साडेपाच किलोचं स्टील. फ्लायव्हीलचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, बोल्ट सर्कल आणि रिंग गिअरचे दात मोजून इथेच टाका, मी बघून सांगतो बाहेरचं बसेल की ब्लँक करावा लागेल. आणि सध्या हेडर कुठल्या आरपीएमला ओढतंय ते पण लिहा, सगळी मजा साडेपाच हजाराच्या वर असेल तर साडेपाच किलो सोडून पाचाकडे जाऊ.